ओल्या रुमालाचा फोटो

मी अनसिंगला ब्लाउज शिवते. गावातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या ज्या बायका लग्नाकार्यात मिरवतात, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या पाठीचा गळा माझ्या कात्रीखालून गेलेला असतो. पण खरं सांगते, त्यांतल्या फार थोड्या जणींना मी माप घ्यायला हात लावलाय. आमच्याकडे अंगावरून माप द्यायला बायका लाजतात. त्या आपलं एखादं जुनं ब्लाउज आणून माझ्यापुढे टाकतात आणि म्हणतात, "ह्याच मापाचं शिव." हे मापाचं ब्लाउज कधीकधी पहिली पोरगी झाली तेव्हाचं असतं आणि आता ती पोरगीच लग्नाला आलेली असते. मी विचारते, "आंग थेच हाय का अजून?" बाई हसते आणि म्हणते, "दोन बोटं ढिलं कर." दोन बोटं म्हणजे किती, ते मी तिच्या तोंडाकडे पाहून ठरवते.

माझी जीभ तिखट आहे, हे गाव जाणतं. शिलाईला उशीर झाला म्हणून कोणी आवाज चढवला तर मी कापड परत करते. तरी बायका येतात, कारण बाही जोडायचा माझा मुंढा चुकत नाही. हे एवढ्याचसाठी सांगितलं, की मी काही मुखदुर्बळ बाई नाही. मला बोलता येतं. आणि तरीही पुढचं सगळं घडलं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या थोडं पुढे, हाताला गाठ लागली. बोराच्या बीएवढी. दुखत नव्हती. साबणाचा हात पुन्हा तिथून फिरवला, तेव्हाही होती. मी भराभर पाणी घेतलं, साडी नेसले आणि मशीनवर जाऊन बसले.

तेव्हा भीती वाटली का, असं कोणी विचारलं तर नाही म्हणेन. भीती मागून आली. पहिली आली ती लाज. गुडघ्याला गाठ आली असती तर मी अख्ख्या गल्लीला दाखवली असती. इस्त्रीचा चटका बसला की मी प्रत्येक गिऱ्हाइकापुढे हात नाचवते. पण ही गाठ जिथे होती, त्या जागेला आमच्या घरात नावच नाही. लेकराला 'आंगावर पाजते' म्हणतात, तेवढाच काय तो तिचा उल्लेख, आणि लेकरं मोठी झाली की तोही बंद होतो. नवऱ्याला सांगायचं तर कोणत्या शब्दात, इथपासून माझी तयारी. शिवाय आणखी एक विचार आला, तो लिहितानाही मान खाली जाते. गावभरच्या बायकांच्या छातीची मापं जिच्या हातून जातात, तिच्याच छातीला काहीतरी झालं, हे कळल्यावर दुकानात बायका काय बोलतील, याची चिंता मला गाठीच्या आधी लागली.

म्हणून मी गप्प राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. गाठीपाशी कातडी जराशी आत ओढल्यासारखी झाली होती, त्यामुळे डाव्या कटोरीला सुरकुती पडायला लागली. ती मी माझ्या कारागिरीनं घालवली. डाव्या कटोरीच्या आतून अस्तराचा एक जादा थर घातला, एक टाका सैल केला, आणि बाहेरून ब्लाउज पहिल्यासारखं गुळगुळीत दिसायला लागलं. आरशात पाहून मला बरंसुद्धा वाटलं. आता काही लपवलं की ते बरं झालं असं समजण्याइतकी मी वेडी नाही, पण तेव्हा झाले होते.

माझ्या सासूबाई माझ्या ब्लाउजांना हुक लावतात. सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून सुईत दोरा मी ओवून देते, पण पुढचं सगळं त्या बोटांनीच करतात. सकाळचं ऊन आलं की ओट्यावर पोतं टाकून बसतात, हुक, काज, तुरपाई, आणि दुपारपर्यंत गठ्ठा माझ्याकडे येतो. आमचं बोलणंही कामापुरतंच. मी फटकळ, त्या मुक्या. इतक्या वर्षांत आमचं भांडण फारसं झालं नाही, त्यात माझा काही मोठेपणा नाही. भांडायला दोघी लागतात.

दिवाळी झाली. दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधल्या दिवसांत मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि मी मात्र कामात बुडालेली असते, कारण तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुटतात. अशा गर्दीत आमच्या गावाच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई दुकानात आल्या.

"वाशीमले शिबिर हाय बायकांचं," त्या म्हणाल्या. "कार्यालय घेतलं हाय. मोठ्या शहरातून कॅमेरा आणला. आंगातल्या गर्मीचा फोटू काढते. हात लावत नाईत, सुई नाई, दाबणं-बिबणं काई नाई. दुरूनच. अन् फोटू काढणारी बाईच हाय, मानूस आंदर येतच नाई."

दुकानात बसलेल्या बायका खुदुखुदू हसल्या. मी कात्री चालवत राहिले. पण 'हात लावत नाईत' हे शब्द माझ्या कानात जाऊन बसले. कोणाला सांगायचं नाही, दाखवायचं नाही, कोणी हात लावणार नाही. दुरून फोटो. माझ्यासाठीच जणू कोणीतरी हा कॅमेरा काढला होता.

आशाताईंनी जाता जाता नियम सांगितले. त्या सकाळी ऊन पाण्यानं आंघोळ करायची नाही, तेल, पावडर, बाम काही लावायचं नाही, येताना चहा प्यायचा नाही. नाहीतर सगळं अंग तापलेलं दिसतं आणि फोटोला अर्थ राहत नाही.

आता ऐन हंगामात दुकान बंद ठेवून मी एकटी वाशीमला गेले असते तर नवऱ्यानं विचारलंच असतं. म्हणून मी एक युक्ती केली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. रात्री जेवताना म्हटलं, "आत्याबाईंच्या खांद्यात कळा येतात ना, शिबिरात म्हाताऱ्या बायकांना आणायला सांगितलंय. मी त्यांना घेऊन जाते." नवरा भाकरी मोडत म्हणाला, "हाव, ने." सासूबाईंकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील, मग मी आग्रह करीन, मग आशाताईंचं नाव सांगीन. पण त्या ताटातला घास संपवून एवढंच म्हणाल्या, "चाल."

ज्या बाईनं ताप आला तरी दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही, जी स्वतःच्या लेकीसमोरही कधी ब्लाउज बदलत नाही, ती एका शब्दात तयार झाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

काळीपिवळी जीपमधून आम्ही वाशीमला उतरलो. कार्यालयाच्या हॉलमध्ये बायकांची ही गर्दी, आणि पावडरचा आणि खोबरेल तेलाचा असा वास, की वरात निघायची आहे असं वाटावं. फोटो काढणारी मुलगी शहरातली होती, डोक्याला हात लावून उभी होती. "अहो काकू, गरम पाण्यानं आंघोळ करू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

एक धिप्पाड बाई ठसक्यात म्हणाली, "मंग? उघडं व्हाचं म्हनता तुमी, अन् मळकट येऊ का? लोकं काय म्हनतीन, अनसिंगच्या बायका आंघोळी करत नाईत?"

सगळा हॉल हसला. खरं तर आम्हा सगळ्यांचं तेच झालं होतं. कोणीतरी आपलं अंग पाहणार म्हटल्यावर बायकांनी चूल पेटवून हंडे तापवले होते, डाळीचं पीठ लावून अंग घासलं होतं, नातीचा पावडरचा डबा रिकामा केला होता. मग त्या मुलीनं सगळ्यांना ओल्या फडक्यानं पावडर पुसायला लावली आणि पंख्याखाली सतरंजीवर बसवलं. अर्धा हॉल थंडीत कुडकुडत गार होत बसला. मीही त्यातलीच. माझ्या सासूबाईंच्या अंगाला मात्र काही नव्हतं. त्यांनी कार्तिकातल्या गारठ्यात नळाच्या पाण्यानं आंघोळ केली होती आणि खांद्याला रोजचं तेलही लावलं नव्हतं. सगळे नियम पाळून आलेली ती एकटी बाई.

आत सोडण्याआधी एक डॉक्टरीणबाई बोलल्या. जरा वयस्कर, साधी सुती साडी. त्या म्हणाल्या, "हा कॅमेरा फक्त कातडीची उष्णता बघतो. कुठे लाल दिसलं म्हणजे आजारच आहे असं नाही, आणि काही दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही. बऱ्याच गाठी यात दिसतच नाहीत. ज्यांना हाताला गाठ लागते, कातडी ओढलेली वाटते, बोंडातून पाणी येतं, त्यांनी मला सांगा. मी हातानं तपासीन आणि पुढच्या तपासणीला पाठवीन. नुसत्या फोटोवर राहू नका." मी ते सगळं ऐकलं. शब्द न् शब्द कळला. आणि 'ज्यांना गाठ लागते त्यांनी सांगा' म्हटल्यावर इतर बायकांबरोबर मीही जमिनीकडे पाहिलं.

फोटोची खोली म्हणजे कार्यालयातली नवरीची खोली होती. एसी तिथेच होता. भिंतीवर मोठा आरसा, त्याच्या कडेला कोणकोणत्या नवरीमुलींनी चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, कोपऱ्यात गेल्या हंगामातल्या अक्षता. मध्ये पडदा लावून खोलीचे दोन भाग केले होते. अलीकडे दोन खुर्च्या, तिथे कमरेच्या वरचं सगळं काढून, हात डोक्यावर ठेवून गार होत बसायचं. पलीकडे कॅमेरा. दोघी-दोघींना आत घेत होते, त्यामुळे मी आणि सासूबाई एकदमच आत गेलो. ही गोष्ट माझ्या युक्तीत धरलेली नव्हती.

आम्ही पाठी फिरवून हुक काढले. त्यांचे हुक त्यांनीच लावलेले आणि माझेही त्यांनीच. खुर्चीत बसलो, हात वर केले. मी भिंतीकडे बघत होते, त्या पायाच्या अंगठ्याकडे. मला हे सांगायला हवं, की मी इतकी वर्षं त्यांची ब्लाउजं शिवते आणि त्यांचं अंग मी त्या दिवशी पहिल्यांदा ओझरतं पाहिलं. माझ्याकडे असलेल्या मापाचं ते अंगच नव्हतं. खांदे उतरलेले, बरगड्या मोजता येतील अशा, आणि जिथे मी कटोरी शिवत होते तिथे रिकामी कातडी. मी त्यांना कितीतरी ढगळ ब्लाउज घालायला लावत होते आणि त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. थंडीनं त्यांच्या दंडावर काटा आला होता. माझ्या एका खोटेपणापायी ही म्हातारी अशी बसली आहे, हे मला तेव्हा कळलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी त्यांना उठवून घरी न्यायला हवं होतं. मी उठले नाही.

मग माझं लक्ष आरशाकडे गेलं. पडदा होता, पण आरसा आरपार दोन्ही भागांत होता. पलीकडच्या टेबलावरचा कॉम्प्युटर त्यात स्वच्छ दिसत होता. आमच्या आधीच्या बाईचा फोटो त्यावर होता, पिवळा, केशरी, हिरवा, आणि एका बाजूला लालभडक डाग. बाईचं तोंड फोटोत नव्हतं, पण ती बाई अजून तिथेच ब्लाउज घालत होती. माझा फोटो निघेल तेव्हा सासूबाई इथेच असतील. त्यांना सगळं दिसेल.

तेवढ्यात त्या मुलीनं सासूबाईंना पलीकडे बोलावलं. मी एकटी राहिले. पिशवीत पाण्याची बाटली होती, बाहेरच्या जारमधलं गार पाणी भरलेली, आणि रुमाल होता. माझं डोकं त्या वेळी इस्त्रीच्या हिशेबानं चाललं. कापड फार तापलं की आम्ही ओलं फडकं मारतो. मी रुमाल भिजवला, पिळला, चौघडी घातली आणि डाव्या बाजूला, बरोबर त्या जागेवर, दाबून धरला. अंगावर शहारा आला. पलीकडे ती मुलगी सासूबाईंना डावीकडे वळा, उजवीकडे वळा म्हणत होती. त्यांच्या फोटोत काय दिसत होतं, ते मी आरशात पाहिलं नाही. मला वेळ नव्हता. मी रुमाल दाबत होते.

म्हणजे बघा, ज्या कॅमेऱ्याला दाखवायला मी खोटं बोलून, सासूला पुढे करून, दुकान बंद ठेवून इथवर आले होते, त्याच कॅमेऱ्याला मी आता फसवत होते.

"या काकू," मुलगी म्हणाली. मी रुमाल पिशवीत कोंबला आणि पडद्यापलीकडे जाऊन उभी राहिले. सासूबाई कोपऱ्यात पाठमोऱ्या उभ्या राहून ब्लाउज चढवत होत्या. मुलीनं फोटो काढला. पुढे वाकून तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मग तिला हसूच फुटलं, वाईट हसू नव्हतं ते, लहान मुलाची चोरी पकडल्यावर येतं तसं.

"काकू, हे काय लावलं होतं इथे?"

मी वर पाहिलं. माझं अंग स्क्रीनवर पिवळं-केशरी होतं, आणि डाव्या बाजूला एक गडद निळा चौकोन होता. नीट चौकोन. चारही कोपरे दिसत होते. एका कोपऱ्याशी रुमाल दुमडला होता, ती घडीसुद्धा आली होती. गाठ दिसत होती की नाही कोण जाणे, माझी लपवाछपवी मात्र फोटोत उमटली होती, आणि तीही इतकी सुबक, की त्या मापानं कापड कापावं.

"घाम पुसला," मी म्हणाले.

एसीत, कार्तिकात, कुडकुडताना. मुलगी परत स्क्रीनकडे वळली. बोलल्या त्या सासूबाई. हुक लावायचे सोडून, ब्लाउज तसंच उघडं धरून त्या पुढे आल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दाराबाहेर डॉक्टरीणबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"डॉक्टरीणबाई, आंदर या. माह्यं राहू द्या, माह्यं काई नाई. हिले हात लावून पाहा. थो रुमाल जिथं ठेवला होता न तिनं, तिथंच पाहा."

आरशातून मला पलीकडचं दिसत होतं, तसं पलीकडून त्यांना मीही दिसले होते. मी हात आडवे घेतले आणि पडदा सारून अलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते काय असतं ते मला त्या नवरीच्या खोलीत समजलं. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हात चोळून गरम केले आणि फक्त विचारलं, "पाहू का?" मी मान हलवली. त्यांच्या बोटांना गाठ लगेच सापडली. आधी तिथे, मग काखेत, मग पुन्हा तिथेच. किती दिवसांपासून आहे, विचारलं. मी म्हणाले, "पोळ्यापासून." सासूबाईंनी माझ्या खांद्यावर माझा पदर टाकला.

"फोटोचं सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही रुमाल लावला नसता तरी ह्या फोटोच्या भरवशावर मी तुम्हाला सोडलं नसतं. अकोल्याला जा. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, आणि गाठीचा तुकडा काढून तपासणी. ह्याच आठवड्यात."

परत येताना काळीपिवळीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. लाज वाटली की मला राग येतो, हे माझं लहानपणापासूनचं. गावाजवळ आल्यावर मी त्यांच्यावर फिसकारलेच. "तुमाले कोनं बोलाले सांगतलं होतं? चार परक्या बायांसमोर?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुह्या ब्लाउजले हुक कोन लावते? मीच न. डाव्या कटोरीत अस्तराचा जादा थर घातला तू. एका ब्लाउजले घातला, मंग दुसऱ्याले बी घातला. इतकी पक्की शिवनारी, एकाच बाजूचं कायले चुकन? तुले काई झालं हाय, थे मले तवाच समजलं."

"मंग तवाच काहून नाई बोलल्या?"

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "तुले सांगाले वाटली, मले इचाराले वाटली. सारखंच झालं थे."

मग विचारलं, "अन् शिबिराले मी तुमाले कायले नेते, हे बी समजलं होतं?"

"हाव."

"मंग आल्या कायले? उघडं बसाले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नसती आली, त तू कोनाच्या मांगं लपून आली असती?"

अनसिंग आलं तेव्हा मी आधी उतरले आणि त्यांना हात दिला.

नवऱ्याला त्यांनीच सांगितलं. ओट्यावर बसून, कोणताही आडपडदा न ठेवता, त्या जागेचं नाव घेऊन. तो तेवढा वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला आणि मग आत येऊन मला म्हणाला, "उद्याच जाऊ." अकोल्याला तपासण्या झाल्या. गाठ वाईटच निघाली, पण वेळेत आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, औषधं झाली, किरणांचा शेक झाला. डोक्यावरचे केस गेले आणि परत आले, आधीपेक्षा कुरळे. त्या सगळ्याचं वर्णन मी करत नाही, ज्यांच्या घरी झालं त्यांना माहीत आहे.

लाज मात्र ऑपरेशननं जात नाही. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा बायकांनी विचारलं, कसलं ऑपरेशन झालं. मी सांगितलं, पित्ताचे खडे होते. एकीनं विचारलं, केवढे होते? मी म्हणाले, "बोराच्या बीएवढे." ओट्यावर सासूबाईंची सुई क्षणभर थांबली आणि परत चालू लागली. माझं जुनं मापाचं ब्लाउज आता उपयोगाचं राहिलं नाही. नवीन माप मी स्वतःच्या अंगावरून घेतलं, आरशासमोर, दाराला कडी लावून.

परवा तपासणीसाठी मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे वाशीमला गेले होते. सासूबाई बरोबर होत्या, आता त्या दर वेळी येतात. माझं पाहून झाल्यावर डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "आजी, आणि तुमचं? त्या दिवशी फोटो काढलात आणि निकाल न ऐकताच सुनेला घेऊन निघून गेलात."

माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. एवढ्या महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्या फोटोत काय आलं, त्यांना कुठे काही लागतं का, काही नाही. मी त्यांना पुढे करून नेलं होतं, आणि त्या खरोखर तिथे होत्या, हे मी विसरूनच गेले होते.

"तुमी काहून नाई इचारलं?" मी त्यांना म्हणाले, आणि माझा आवाज चिडका आला.

"माह्यं काई निघालं असतं त तू माह्या मांगं धावली असती," त्या म्हणाल्या. "तुह्यं राह्यलं असतं."

त्यांच्या तपासणीत काहीही निघालं नाही. हे आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. पण तपासणी व्हायची होती तेव्हा त्या टेबलावर बसल्या आणि त्यांना हुक निघेनात. हजारो ब्लाउजांना हुक लावलेली बोटं पहिल्याच हुकावर अडली होती. त्यांनाही लाज वाटत होती, शिबिरातही वाटली असणार, इतकीच, माझ्यादेखत. मी पुढे झाले आणि एकेक हुक काढला. मग मी सवयीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तिकडे काय पाहून राह्यली वं?" मागून त्यांचा आवाज आला. "इकडे पाह्य. म्या तुह्याकडे पाह्यलं होतं न?"

मी वळले आणि पाहिलं.